जुनी एमडीबी, तिचे पासवर्ड आणि नवीन ॲक्सेस

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामची जुनी एमडीबी (.mdb) फाईल नवीन व्हर्जनला न्यायची म्हटलं की सगळे आधी विचारतात डेटा नीट येईल का, फॉर्म मोडतील का. डेटा येतो हो. नडतो तो पासवर्ड, कारण एकाच जुन्या डेटाबेसमध्ये पासवर्ड नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक सगळं एकच धरून चालतात.

फाईल उघडताना विचारतो तो डेटाबेस पासवर्ड. व्हीबीए कोडला, म्हणजे डेटाबेसच्या आत लिहिलेल्या प्रोग्रामला, लावलेला वेगळा. आणि जिथं यूझरचं नाव पण विचारलं जातं तिथं तिसराच प्रकार, यूझर लेव्हल सिक्युरिटी, तिची माहिती एमडीडब्ल्यू नावाच्या वेगळ्याच फाईलमध्ये असते. २००७ मध्ये एसीसीडीबी (.accdb) हा नवा फाईल फॉरमॅट आला त्यात हा तिसरा प्रकार ठेवलेलाच नाही, म्हणजे कोणी कुठलं टेबल बघायचं हे त्याच्यावर चालत असेल तर कन्व्हर्ट केल्यावर ते सगळं गेलं समजा, पर्याय काय ते आधीच ठरवा.

राहिला डेटाबेस पासवर्ड. एमडीबीतला हा पासवर्ड म्हणजे दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी, बस. तो फाईलच्या सुरुवातीलाच हेडरमध्ये थोडा फिरवून ठेवलेला असतो, छोटी छोटी टूल्स तो लगेच काढून दाखवतात. एसीसीडीबीत पासवर्ड लावला की अख्खी फाईल एन्क्रिप्ट होते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येत नाही, त्यामुळे ‘विसरलो तर काढू कुठून तरी’ ही जुनी सवय इथं महागात पडते. चांगला पासवर्ड असेल आणि तो हरवला तर विषय संपला.

म्हणून मी कुलूप काढूनच सामान हलवतो. आधी फाईलची कॉपी, काम सगळं कॉपीवरच. मग पासवर्ड काढायचा, आणि इथं बरेच जण अडकतात कारण फाईलवर डबल क्लिक करून उघडली तर ॲक्सेस पासवर्ड काढूच देत नाही. आधी ॲक्सेस उघडा, ओपन, ब्राउझ, फाईल सिलेक्ट करा, मग ओपन बटणाला चिकटून जो बारका बाण आहे त्यात ‘ओपन एक्सक्लुझिव्ह’. पासवर्ड निघाला की कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाईल आवळून दुरुस्त करणारी कमांड), मग सेव्ह ॲज एसीसीडीबी. फाईल ॲक्सेस ९७ ची असेल तर २०१३ पासून पुढचं कुठलंच व्हर्जन ती उघडत नाही, मधे २०१० किंवा त्याआधीचं ॲक्सेस असलेलं मशीन शोधावं लागतं.

कन्व्हर्ट झालं की लगेच पासवर्ड लावू नका. आधी व्हीबीएमध्ये जाऊन कोड कंपाईल करा (हो, त्यासाठी कोडचा पासवर्ड पण माहीत हवा), डीएओचा (कोडमधून डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीचा) जुना रेफरन्स ‘मिसिंग’ दिसत असेल तर बदला, ६४ बिट ऑफिस असेल तर डिक्लेअरच्या ओळींत (बाहेरची फंक्शन्स बोलावणाऱ्या) पीटीआरसेफ (PtrSafe) हा शब्द घाला. सगळं चाललं की मगच कुलूप.

आता खरी गंमत फ्रंट-एंड (फॉर्म वगैरेची फाईल) आणि बॅक-एंड (टेबलांची फाईल) वेगळे असतील तिथं. लिंक केलेल्या टेबलाच्या जोडणीत बॅक-एंडचा पासवर्ड लिहून ठेवलेला असतो. सिस्टीम ऑब्जेक्ट दाखवायचा ऑप्शन चालू करून एमसिसऑब्जेक्ट्स (MSysObjects) टेबल उघडा, कनेक्ट कॉलममध्ये पीडब्ल्यूडी आणि त्याच्यापुढं पासवर्ड, साध्या अक्षरांत. म्हणजे फ्रंट-एंड ज्याच्या हातात त्याच्या हातात पासवर्डही, त्यामुळे फक्त बॅक-एंडला कुलूप लावून निवांत बसू नका. आणि बॅक-एंडचा पासवर्ड बदलला की जुन्या लिंका ‘नॉट अ व्हॅलिड पासवर्ड’ म्हणून रुसतात. सरळ लिंक डिलीट करून परत जोडा, लिंक उडवल्यानं मूळ टेबलाला काही होत नाही. बाहेरून एक्सेलचा मॅक्रो वगैरे डेटा उचलत असेल तर त्यातला जेट प्रोव्हायडर (डेटाबेसशी जोडणारा जुना ड्रायव्हर) काढून नवा एसीई टाका, जेटला एसीसीडीबी कळत नाही.

पासवर्ड लावताना एक मेसेज येतो, रो लेव्हल लॉकिंग (एंट्री चालू असताना फक्त तेवढीच ओळ अडवणं) दुर्लक्षित होईल म्हणून. घाबरायचं काही नाही, पण एकाच टेबलात एका वेळी बरेच जण एंट्री मारत असतील तर एकमेकांना अडकू शकतात. त्यासाठी क्लायंट सेटिंग्जमध्ये लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, एन्क्रिप्शनचा ऑप्शन आहे, तो जास्त जणांसाठी सोयीचा पण सुरक्षेला कमी. मी डीफॉल्टच ठेवतो, आणि लोकांची तक्रार आलीच तर मग बघतो.