चाल सारखी वाटते, म्हणून ती उचललेली असते का?

नवे गाणे गाजू लागले, की त्याच्यापाठोपाठ एखादे जुने गाणे ऐकवून 'ही चाल सरळ उचलली आहे' असे सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याचा कान बहुधा चुकत नाही, दोन्ही चाली खरोखरच सारख्या असतात. माझा आक्षेप आहे तो त्यावरून लगेच काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. साम्य दिसले, की न्यायालयाचे काम सुरू होते, संपत नाही. नवे गाणे खरोखर त्या जुन्या गाण्यातूनच आले आहे का, आणि आले असल्यास जे घेतले ते जुन्या संगीतकाराचे स्वतःचे होते का, असे दोन अगदी वेगळे प्रश्न तिथे तपासावे लागतात.

कॉपीराइट हा नकलेविरुद्धचा हक्क आहे. पेटंटसारखी ती कल्पनेवरची मक्तेदारी नव्हे. एकमेकांचे काम ठाऊक नसलेल्या दोघांना तीच चाल सुचली, तर कायद्याच्या दृष्टीने दोघेही निर्दोष असतात. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९६३ मध्ये 'फ्रान्सिस डे अँड हंटर विरुद्ध ब्रॉन' या खटल्यात नेमके हेच मांडले. दोन चालींत बरेच साम्य असल्याचे मान्य होऊनही, दुसरी चाल पहिलीवरून आली हा कार्यकारणसंबंध सिद्ध न झाल्याने वादी हरले. अर्थात संगीतकाराने ते गाणे ऐकल्याचा थेट पुरावा क्वचितच हाती लागतो, त्यामुळे त्याला ते ऐकण्याची संधी कितपत होती आणि साम्य किती दाट आहे, या दोन गोष्टींवरून अनुमान काढले जाते.

या अनुमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'बीटल्स'मधले गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या 'माय स्वीट लॉर्ड' या १९७० च्या गाण्यावरचा खटला. ज्याची नक्कल केल्याचा आरोप होता, ते 'द शिफॉन्स' या गायिकांच्या गटाचे 'हीज सो फाइन' हे गाणे १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, त्यामुळे हॅरिसन यांनी ते ऐकलेच नसेल असे म्हणायला जागा नव्हती. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीतकार होते आणि त्यांचे १९७६ चे निकालपत्र वाचताना ते जाणवते. आपल्या सरगमीत सांगायचे, तर जुन्या गाण्यात 'प-ग-रे' हा छोटा तुकडा चार वेळा येतो आणि त्यापाठोपाठ 'प-ध-सा-ध-सा' हा दुसरा तुकडाही चार वेळा येतो. यांतला एकही तुकडा नवा नाही, हे न्यायाधीशांनी स्पष्टपणे मान्य केले. मात्र तुकड्यांची ही विशिष्ट मांडणी दुर्मीळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या गाण्यात पहिला तुकडा चार वेळाच येतो, दुसरा तीन वेळा येतो आणि चौथ्याच्या जागी जवळपास तेवढ्याच लांबीची वेगळी जागा येते. त्यातही दुसऱ्या तुकड्याच्या दुसऱ्या आवर्तनात 'रे'चा एक कणस्वर (ओझरता लागणारा स्वर) लागून 'प-ध-सा-ध-रे-सा' असे होते, आणि तो कण दोन्ही गाण्यांत नेमक्या त्याच ठिकाणी आहे. हॅरिसन यांनी जाणूनबुजून चोरी केली असे न्यायाधीशांना वाटले नाही, पण अजाणता केलेली नक्कलही नक्कलच, असा निकाल त्यांनी दिला. तर्काला तो धरून आहे, कारण हेतू नव्हता म्हणून दुसऱ्याचे गाणे आपले ठरत नाही. पण स्वतःच्या विस्मरणाविरुद्ध बचाव करायचा कसा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही, हे मला खटकते.

घेतले ते जुन्या संगीतकाराचे स्वतःचे होते का, हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे वजाबाकी करावी लागते. स्वर, ताल, प्रचलित कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचे) क्रम, एखाद्या शैलीची ठरावीक वळणे हे सारे सर्वांच्या मालकीचे असते. राग कुणाचाच नसतो, पण त्यात बांधलेली बंदिश कुणाची तरी असू शकते. ही सामाईक सामग्री बाजूला काढल्यावर जे उरते, त्यातले साम्यच मोजायचे असते. कान मात्र अशी वजाबाकी करत नाही, तो गाणे एकसंध ऐकतो. 'डार्क हॉर्स' गाण्याच्या खटल्यात २०१९ मध्ये ज्यूरीने केटी पेरी यांच्या विरोधात कौल दिला, आणि पुढच्याच वर्षी न्यायाधीशांनी तो रद्द केला, कारण वाद ज्या आठ स्वरांच्या आवर्तनावर होता त्यात मालकी सांगण्याजोगे वेगळेपण नव्हते. २०२३ मध्ये एड शीरन यांनी न्यायालयात गिटार वाजवून आपला कॉर्डचा क्रम किती सर्रास वापरला जातो हे दाखवले, आणि 'थिंकिंग आउट लाउड'वरचा दावा ज्यूरीने फेटाळला.

'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात ही वजाबाकी झालीच नाही, असे माझे मत आहे. मार्विन गे यांच्या १९७७ च्या गाण्यासारखे वातावरण, तोच उत्सवी ठेका, तोच बेसचा बाज या गाण्यात आहे, हे कुणीही कबूल करील. पण कायद्याचे संरक्षण होते ते जुन्या गाण्याच्या नोंदवलेल्या स्वरलिपीला, ध्वनिमुद्रणाच्या बाजाला नव्हे. तरीही २०१५ मध्ये ज्यूरीने गे यांच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, नंतर कमी होऊन भरपाई सुमारे ५३ लाख डॉलर ठरली, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल मुख्यतः कायम ठेवला. शैलीवर मालकी देण्यासारखे हे आहे, असे विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांनी बजावले होते आणि मला तेच पटते.

जाता जाता एक गैरसमज: 'सात स्वरांपर्यंत चालते' किंवा 'सहा सेकंदांपर्यंत चालते' असा कोणताही नियम अस्तित्वात नाही. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून वापरला, तर ध्वनिमुद्रणावरच्या वेगळ्याच हक्काचा प्रश्न येतो, तो चालीवरच्या हक्काहून निराळा आहे.

या खटल्यांचा धसका संगीतकारांनी चांगलाच घेतला आहे. दावा दाखल होण्याआधीच जुन्या संगीतकारांची नावे श्रेयनामावलीत घालून मोकळे होण्याची पद्धत रुळली आहे. 'अपटाउन फंक' या गाण्यात 'द गॅप बँड' या जुन्या बँडच्या मंडळींची नावे नंतर घातली गेली, ती अशीच. 'शेप ऑफ यू'वरचा खटला २०२२ मध्ये लंडनला जिंकल्यावर शीरन यांनी सांगितले, की चाली बांधतानाचे सगळे आता ते चित्रित करून ठेवतात. अशा चित्रणाने चाल कशी घडत गेली ते दिसेल आणि मुद्दाम केलेल्या नकलेचा आरोप बहुधा टिकणार नाही. ओवेन यांच्या निकालातल्या अजाणता नकलेच्या आरोपाला मात्र त्याने उत्तर मिळत नाही.