हक्क मार्चमध्ये परत आले, गेम ऑक्टोबरमध्ये

ज्या व्हिडिओ गेमवर आम्ही तिघांनी कर्वेनगरमधल्या दोन खोल्यांत पावणेतीन वर्षे घालवली, त्याचे सर्व हक्क करारानुसार ३१ मार्च २०२४ रोजी आमच्याकडे परत आले. प्रत्यक्षात स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात त्याची किंमत बदलण्याचा, वर्णनातली चूक दुरुस्त करण्याचा किंवा विक्रीचा पैसा स्वतःच्या खात्यात घेण्याचा अधिकार आम्हाला मिळायला २४ ऑक्टोबर उजाडला. हे सात महिने का लागले, हे मी लिहून ठेवत आहे, कारण त्यांतले निदान सहा महिने टाळता आले असते, असे मला अजूनही वाटते. आमचा पब्लिशर, म्हणजे पैसा पुरवून गेम बाजारात आणणारी कंपनी, युरोपातला आहे. त्याचे नाव येथे देत नाही.

करार मिळवणे, माइलस्टोन (कामाचे ठरलेले टप्पे) मंजूर करून घेणे, गेम बाजारात आणणे यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, कारण ते सगळे बऱ्यापैकी सुरळीत पार पडले. २०१९ च्या अखेरीस करार झाला, ४० हजार युरोंची आगाऊ रक्कम पाच माइलस्टोनमध्ये विभागून मिळाली आणि मार्च २०२१ मध्ये गेम आला. आमचा तिथला प्रोड्यूसर, म्हणजे आमच्या कामावर देखरेख ठेवणारा माणूस, सज्जन होता. बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येण्याजोगी प्रत, पाठवल्यावर तो ते स्वतः शेवटपर्यंत खेळत असे आणि गेममधल्या दीपस्तंभाच्या जिन्यातले कोडे फार अवघड झाले आहे, हे त्यानेच आम्हाला पहिल्यांदा पटवून दिले. करार करताना आमची एकच मोठी घासाघीस झाली आणि ती बोनसच्या कलमावर. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असते. २०१० मध्ये आलेल्या त्या गेमसाठी तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिक या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या वेबसाइटवर ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता, आणि गुण पडले ८४. आपले तसे होऊ नये म्हणून आम्ही गुणांची अट काढून विक्रीची अट घालून घेतली आणि त्या विजयाच्या आनंदात करार संपल्यानंतरचे कलम वरवर वाचून सोडून दिले.

त्या कलमाचा मराठी मथितार्थ एवढाच होता की मुदत संपल्यावर पब्लिशर हस्तांतरासाठी वाजवी सहकार्य करील. किती दिवसांत, कोणत्या गोष्टींचे, कोणाच्या खर्चाने, यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. नंतर आमच्या वकीलबाईंना ते दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “वाजवी म्हणजे किती दिवस, हे तुम्ही सही करण्यापूर्वी कोणालाच विचारलं नाहीत का?”

अडचण काय होती, ते ज्यांनी स्टीमवर स्वतः कधी गेम टाकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टीमवरच्या प्रत्येक गेमला एक ॲप आयडी, म्हणजे ओळख क्रमांक असतो आणि तो आयडी कोणत्या तरी एका भागीदार खात्याच्या, म्हणजे स्टीमवर गेम विकणाऱ्या कंपनीच्या खात्याच्या नावावर असतो. आमच्या गेमचा आयडी पब्लिशरच्या खात्यात होता आणि आम्हाला फक्त बिल्ड चढवण्याची परवानगी दिलेली होती. ग्राहकांची परीक्षणे, विशलिस्ट (पुढे घ्यायचा म्हणून ज्यांनी गेम नोंदवून ठेवला आहे त्यांची यादी), ज्यांनी गेम विकत घेतला आहे त्यांना अपडेट पाठवण्याची सोय, हे सर्व त्या आयडीला चिकटलेले असते. गेमचा कोड, चित्रे, संगीत, पात्रांची नावे कायद्याने आमची असली, तरी आयडी जोवर दुसऱ्याच्या खात्यात आहे तोवर आमची अवस्था सातबारा आपल्या नावावर आणि कुलपाची किल्ली शेजाऱ्याकडे अशी होती. आयडी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्याची रीतसर सोय स्टीममध्ये आहे, परंतु तिची सुरुवात सध्याच्या खातेदारानेच करावी लागते आणि तीही कंपनीला कायदेशीररीत्या बांधील करण्याचा अधिकार ज्या व्यक्तीच्या खात्याला दिलेला आहे, तिने. घेणाऱ्याने फक्त स्वीकार करायचा असतो. सुरुवात करणाऱ्याच्या अधिकाराची ही अट मला पहिले पाच महिने माहीत नव्हती आणि सगळे घोडे तिथेच पेंड खात होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी प्रोड्यूसरला पत्र लिहिले, ते परत आले. चौकशी केल्यावर समजले की वर्षाच्या सुरुवातीच्या नोकरकपातीत त्याचीही नोकरी गेली होती. २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षे या उद्योगात कपातीचीच होती, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर मी सर्वसाधारण पत्त्यावर लिहिले. तिथून तिकीट क्रमांक आला आणि विषय अंतर्गत पुढे पाठवला असल्याचे कळवण्यात आले. हे ‘पुढे’ म्हणजे कुठे, हे मला जुलैपर्यंत कोणी सांगितले नाही. दर दहा दिवसांनी मी आठवण करत असे आणि दर वेळी नवीन व्यक्ती आधीच्या पत्रव्यवहाराबद्दल अनभिज्ञ असल्याचे अत्यंत सौजन्याने सांगत असे. त्यांच्या त्या सौजन्याचाच मला पुढे पुढे संताप येऊ लागला.

मे महिन्यात त्यांच्या कायदा विभागाला एक खुसपट सापडले. करार आमच्या भागीदारी संस्थेच्या नावाने झाला होता आणि २०२२ मध्ये आम्ही तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली होती. ही तीच मंडळी आहेत, याचा नोटरीकृत आणि अपॉस्टिल केलेला (म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला) पुरावा त्यांनी मागितला. वास्तविक याच कंपनीच्या बँक खात्यात ते दोन वर्षे तिमाही पैसे पाठवत होते, परंतु तो मुद्दा कोणी ऐकून घेतला नाही. व्यापारी कागदपत्र असल्यामुळे आधी नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्सची साक्ष आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल असा तो प्रवास असतो. अपॉस्टिलचे सरकारी शुल्क अवघे ५० रुपये आहे, परंतु एजंट, कुरियर आणि हेलपाटे धरून आमचे साडेसहा हजार रुपये आणि तीन आठवडे गेले. कागदाच्या मागे चिकटवलेले ते स्टिकर हातात आले तेव्हा माझ्या भागीदाराने त्याचा फोटो काढून आईला पाठवला. कागद कुरियरने युरोपात पोहोचला, १८ जूनला त्यावर कोणीतरी सही करून तो घेतला, आणि पुढे त्याचा कोणी उल्लेखही केला नाही.

जूनच्या अखेरीस स्टीमची उन्हाळी सवलत सुरू झाली आणि हक्क आमचे असलेला आमचा गेम त्यांनी ८५ टक्के सवलतीत लावला. त्या पंधरा दिवसांत मी रोज सकाळी स्टोअरचे पान उघडून ती हिरवी पट्टी पाहत असे. हे काही शहाणपणाचे नव्हते, परंतु तसे होत असे खरे. विचारल्यावर उत्तर आले की त्यांच्या सर्व गेमांची सवलत एकत्रच ठरवली जाते आणि मुदतीनंतरची मिळकत यथावकाश हिशेबात धरली जाईल.

त्या काळात मी कीव्हच्या फ्रॉगवेअर्सविषयी जे मिळेल ते वाचून काढले आणि झोप आणखीच उडाली. शेरलॉक होम्सवरचे गेम करणाऱ्या त्या कंपनीने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की परवान्याची मुदत संपल्यावर फोकस होम इंटरॲक्टिव्ह हा त्यांचा जुना पब्लिशर गेमांचे आयडी हस्तांतरित करायला तयार नाही. तसे धोरण असेल, तर डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, तोच गेम पुन्हा नवीन म्हणून मांडावा लागतो. पुढे ‘द सिंकिंग सिटी’वरून त्यांचा नेकॉन या दुसऱ्या पब्लिशरशी कोर्टापर्यंत वाद गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो गेम पूर्णपणे त्यांच्या हाती आला तेव्हा स्टीमवर त्याची वेगळी आवृत्ती आणावी लागली, जिच्यात जुने सेव्ह, म्हणजे खेळाडूंनी जतन केलेली प्रगती, चालत नव्हते. आमच्या गेमची सहाशेच्या वर परीक्षणे होती. नवे पान उघडले असते, तर गुणांकन दिसण्यासाठी लागणाऱ्या पहिल्या दहा परीक्षणांपासून आम्हाला पुन्हा सुरुवात करावी लागली असती. ऑगस्टमध्ये आम्ही तसे करण्याच्या अगदी जवळ आलो होतो. नव्या ॲपचे १०० डॉलर भरायचे की नाही, यावर तिघांत जोरदार भांडण झाले आणि मी एकट्याने हट्ट धरला म्हणून ते भरले गेले नाहीत. याचा मला थोडा अभिमान आहे, हे कबूल करतो.

वकीलबाईंनी नोटीस पाठवण्याचा विचार मांडला होता, परंतु करारानुसार वाद लवादापुढे न्यायचा आणि तोही त्यांच्या देशात, त्यामुळे एका पत्राच्या पुढे आमची मजल जाणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. तरी नोटीस पाठवली. उत्तर आले, त्यातही ‘वाजवी’ हा शब्द दोनदा होता.

सुटका झाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. सप्टेंबरमध्ये कंटाळून मी स्टीमचे हस्तांतराविषयीचे पान पहिल्यापासून ओळ न् ओळ वाचले आणि अधिकाराची ती अट तेव्हा कुठे डोक्यात शिरली. म्हणजे मी पाच महिने ज्यांना पत्रे लिहीत होतो, त्यांच्यापैकी कोणालाही ते बटण दिसतच नसावे. मग असे खाते कोणाचे असेल? पैसे आणि करांचे कागद जो सांभाळतो त्याचे, असा अंदाज करून मी तिमाही हिशेब पाठवणाऱ्या फायनान्समधल्या बाईंना थेट लिहिले. तक्रार केली नाही, करारातली कलमेही लावली नाहीत. आमच्या कंपनीचे स्टीमवरचे नेमके नाव, भागीदार क्रमांक, गेमचा आयडी आणि कोणत्या पानावर जाऊन काय करायचे याच्या पाच ओळी लिहिल्या. त्यांनी कायदा विभागाला विचारायला चार आठवडे घेतले. २४ ऑक्टोबरला दुपारी त्यांचे उत्तर आले की काम झाले आहे, फार तर पाच मिनिटे लागली, आणि हे त्यांना आधी कोणी का सांगितले नाही. मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो, परत आलो आणि स्वीकाराचे बटण दाबले.

म्हणून ज्यांचे करार व्हायचे आहेत त्यांना सांगतो की शक्य असेल तर ॲप आपल्याच खात्यात उघडा आणि पब्लिशरला परवानग्या द्या. विक्रीचा पैसा मग तुमच्याकडे येतो आणि त्यांचा वाटा तुम्ही पाठवता. मोठे पब्लिशर याला तयार होत नाहीत, परंतु विचारायला हरकत नसते. ते जमले नाही, तर शेवटच्या कलमात दिवसांचा आकडा घाला आणि काय काय परत करायचे त्याची यादी जोडा. आयडीबरोबर डिस्कॉर्ड (खेळाडूंच्या गप्पांचे ऑनलाइन ठिकाण), गेमच्या नावाची समाजमाध्यमांवरची खाती, वेबसाइटचा डोमेन आणि भाषांतरांच्या फाइलीही त्यात याव्यात. आमच्या जपानी भाषांतराचा खर्च आमच्याच वाट्यातून वसूल झाला होता, तरी ती फाइल आमची आहे की त्यांची, यावर दोन महिने गेले. आमचे खाते आणि त्याची करविषयक माहिती मार्चमध्येच भरून तयार होती, ही एक गोष्ट मात्र मी बरोबर केली होती. ते अपुरे असते तर ऑक्टोबरमध्ये आणखी खोळंबा झाला असता.

रॉ फ्युरी या स्वीडनच्या पब्लिशरने २०२१ मध्ये आपल्या कराराचा मसुदा सर्वांसाठी खुला केला होता. तो आपल्या मसुद्याशेजारी ठेवून वाचावा. आमचा करार त्याआधीच झाला होता आणि मी तो वाचला तोही तीन वर्षे उशिरा.

आगाऊ रकमेच्या वसुलीचे कलमही आताच आठवले म्हणून लिहितो. ४० हजार आगाऊ दिले आणि निव्वळ मिळकत एक लाख झाली असे धरा. आगाऊ रक्कम आधी एकूण मिळकतीतून वळती झाली तर उरलेल्या ६० हजारांतले निम्मे, म्हणजे ३० हजार तुम्हाला मिळतात; ती फक्त तुमच्या ५० हजारांच्या वाट्यातून वळती झाली तर हातात दहाच हजार पडतात. दोन्ही करारांत ‘निम्मा वाटा’ असेच लिहिलेले असते. आमचा करार दुसऱ्या प्रकारचा होता.

हस्तांतर झाल्यावर सुरुवातीचे त्यांचे बोधचिन्ह काढून नवे बिल्ड चढवले, पानावरचा मदतीचा पत्ता बदलला आणि वर्णनातले चुकलेले एक स्पेलिंग साडेतीन वर्षांनी दुरुस्त केले. एप्रिल ते ऑक्टोबर या काळातल्या मिळकतीचा हिशेब मात्र अजून आलेला नाही. फायनान्सच्या त्या बाईंना परवाच पत्र घातले आहे, या वेळीही पाच ओळींचेच.