फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस बोलावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिल्म सोसायटीत ‘फ्रँकेन्स्टाइन’ दाखवला की नंतर चहाच्या वेळी कुणी ना कुणी गाठतंच : मूळ कादंबरीशी सगळ्यात इमान राखणारा सिनेमा कोणता? माझं उत्तर ऐकून कपाळाला आठ्या पडतात. जेम्स व्हेलचा, १९३१चा.

आठ्या रास्तच आहेत म्हणा. त्यात राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचा हेन्री झालाय, कुबडा मदतनीस घुसडलाय, त्याच्याकरवी गुन्हेगाराचा मेंदू पळवलाय. मेरी शेलीच्या १८१८च्या पुस्तकात यातलं काही म्हणजे काही नाही. शिवाय तिचा राक्षस इंग्रज महाकवी मिल्टन वाचतो, सलग सहा प्रकरणं आपली कैफियत मांडतो. सिनेमातला नुसता गुरगुरतो.

पण गोम कुठे आहे बघा. पुस्तकात त्याला जो पाहतो तो घाबरून पळतो किंवा अंगावर धावून येतो. आंधळा म्हातारा डी लेसी तेवढा प्रेमाने बोलतो, कारण त्याला फक्त आवाज ऐकू येतो. आपण वाचकही त्या म्हाताऱ्याच्याच जागी असतो. पडद्यावर मात्र चेहरा आधी दिसतो. मग तोंडी कितीही सुंदर वाक्यं घाला, आपण टाके मोजत बसतो. १९९४मध्ये केनेथ ब्रानाने उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजासकट बरंचसं कथानक जपलं, राक्षस झालेल्या रॉबर्ट डी नीरोला बोलायलाही लावलं. मला तरी तो कोरडाच गेला.

व्हेलच्या सिनेमात हेन्री छताची झडप उघडतो. उजेड खाली येतो. राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ मान वर करतो, उठतो आणि तो उजेड मुठीत येईल अशा आशेने हळूहळू दोन्ही हात उचलतो. झडप बंद होते. तेच हात मग हेन्रीपुढे येतात, काहीतरी मागत. शब्द एकही नाही. आता पुस्तकातलं अकरावं प्रकरण काढा : जन्मानंतरच्या त्या पहिल्या दिवसांत झाडांतून चंद्र वर येतो आणि हा नवलाने बघत राहतो. योगायोग असेल, नसेलही.

१९३५च्या पुढच्या भागात व्हेलनेच राक्षसाला वाचा दिली. कार्लॉफला ते पटलं नव्हतं. मला पटतं, कारण तो बोलायला शिकतो ते एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत. पुढच्या खेपेला दोन्ही पाठोपाठ लावू. बघा, आणि मग भांडा.