'विदाउट यू'चा टाका: सहाव्या आठवड्याची नोंद

या आठवड्यात गाण्याची तेवीस रेकॉर्डिंगं, म्हणजे टेक, झाले. बावीस पुसले. उरलेला चांगला आहे असं नाही, फक्त तो पुसायला हात गेला नाही.

मध्येच येऊन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी बॅडफिंगर या ब्रिटिश रॉक बँडचं 'विदाउट यू' बसवतोय. एक ॲकूस्टिक गिटार, माझा आवाज, आणि शेवटी जमलंच तर माझ्याच आवाजाचा दुसरा थर. नंतर हॅरी निल्सनने गायलेलं नाही, मराया कॅरीने गायलेलं तर नाहीच नाही. १९७० च्या 'नो डाइस' अल्बमवरचं, मूळ. हे दर वेळी सांगावं लागतं. गिटारवर कोरस (धृपद) सुरू केला की ऐकणारा हमखास म्हणतो, "अरे, हे मरायाचं ना?" वयाने जरा मोठा असेल तर निल्सनचं नाव घेतो. बॅडफिंगर म्हणणारा मला अजून भेटायचाय. तुम्ही सोडून.

पहिले दोन आठवडे हातांत गेले, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ई मेजरमध्ये बसवायला घेतलं. कोरसला ई, सी शार्प मायनर, एफ शार्प मायनर, बी. कागदावर अगदी साधी चाल. पण चारांतल्या तीन बॅरे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या, आणि लय इतकी संथ की चूक लपवायला जागाच नाही. जलद गाण्यात बी कॉर्डची एखादी तार मुकी राहिली तर कुणाला कळत नाही. इथे ती मुकी तार पूर्ण मात्राभर मुकीच ऐकू येते. मेट्रोनोम (ठोके देणारं लययंत्र) ६६ वर ठेवून नुसतं सी शार्प मायनर ते एफ शार्प मायनर, चौथ्या पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर, रोज वीस मिनिटं. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तेव्हा लक्षात आलं की मी गिटारची मान गळ्यासारखी आवळतोय. कोपर जरा पुढे घेतलं, दाब बोटांऐवजी हाताच्या वजनातून यायला लागला. बॅरेत अडकलेल्यांनी हे करून बघा.

तिसऱ्या आठवड्यात गायला लागलो आणि खरी अडचण समोर आली. ई मेजर म्हणजे आपल्या भाषेत पांढरी तीन. व्हर्स (कडवं) आरामात, कोरसला मात्र आवाज फाटायचा. सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या, काळी दोनवर आलो. आता सूर लागतो. पण गाणं लागत नव्हतं. रेकॉर्डिंग ऐकलं की वाटायचं, व्हर्स एक माणूस गातोय आणि कोरस दुसराच कुणीतरी आत शिरून ओरडतोय. मधल्या जागी टाका उसवलेला.

गंमत अशी, की ते गाणं खरंच दोन माणसांचं आहे. बँडमधल्या पीट हॅमकडे व्हर्स होता, पण त्याला साजेसा कोरस सापडत नव्हता. त्याचा बँडमधलाच साथी टॉम एव्हन्सकडे कोरस होता, त्याला व्हर्स नव्हता. दोघांनी ती दोन अर्धवट गाणी एकमेकांना जोडली. दोन्ही अर्धे ज्याच्या त्याच्या घरच्या गोष्टीतून आलेले. हॅमचा अर्धा एका संध्याकाळचा: समोरचं माणूस हसतंय, पण डोळे वेगळंच सांगतायत. एव्हन्सचा अर्धा म्हणजे सरळ हंबरडा. एक जण बघतोय आणि गप्प आहे, दुसऱ्याला गप्प बसवत नाही. हे मला वाचून माहीत होतं. पण गळ्याला कळायला तीन आठवडे गेले.

मग मूळ रेकॉर्डिंग हेडफोन लावून पुन्हा ऐकत बसलो, फक्त ती जोडाची जागा. निर्माता जेफ एमरिकच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झालेलं ते रूप किती साधं आहे! गिटार, ऑर्गन, ड्रम्स. व्हायोलिनांचा ताफा नाही. निल्सनच्या १९७१ च्या रूपात पियानो तुम्हाला हाताला धरून दुःखापर्यंत नेतो, मग पॉल बकमास्टरने बसवलेली तंतुवाद्यं उसळतात आणि कोरसला छप्पर उडतं. ते रूप वाईट आहे असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर खोटं होईल. ते अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पण ते एकट्या माणसाचं गाणं आहे. बॅडफिंगरचं ऐकताना वाटतं की चार पोरं एका खोलीत उभी आहेत, आणि एकाने काहीतरी फार खासगी बोलून टाकल्यावर बाकीच्यांनी त्याला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून सूर धरलाय. कोरस मोठा होतो तो आवाज चढवून नाही, माणसं वाढवून.

माझी चूक तिथे सापडली. मी बॅडफिंगरच्या कॉर्ड वाजवत निल्सन गात होतो. (आणि शेवटी शेवटी, लाज वाटते पण सांगतो, थोडी मरायाही.)

चौथा आठवडा: कोरस मुद्दाम व्हर्सच्याच आवाजात गायचा, जोर वाढवायचाच नाही. पहिल्या दिवशी कपडे वाळत घालता घालता गुणगुणल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी जरा बरं. पाचव्या दिवशी एक युक्ती सापडली: व्हर्सच्या शेवटच्या शब्दानंतर श्वास न घेता थेट कोरसमध्ये जायचं. श्वास घेतला की शरीर आपोआप मोठ्याने गायची तयारी करतं. न घेता गेलं की आवाजात हवा कमी उरते आणि कोरस वर चढण्याऐवजी नुसता सुटतो. टाका तिथे पहिल्यांदा बसला. दुसऱ्या ओळीला दम संपतो, ते अजून तसंच आहे.

पाचवा आठवडा वाया गेला. कारण सगळ्यांना माहीत असलेलंच.

या बँडबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप शेवटाकडे वळतो. बीटल्सच्या 'ॲपल' या रेकॉर्ड कंपनीतून वॉर्नर या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर झालेला पैशांचा घोळ, 'विश यू वेअर हिअर' हा सुंदर अल्बम काही आठवड्यांतच बाजारातून मागे घेतला जाणं, मग एप्रिल १९७५ मध्ये, अठ्ठाविसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, हॅमने स्वतःचं आयुष्य संपवणं. १९८३ मध्ये एव्हन्सनेही तेच केलं. गाण्याच्या दोन्ही अर्ध्यांचे दोन्ही मालक. कोरसमधला तो जगता न येण्याचा शब्द मग वेगळाच ऐकू यायला लागतो, आणि पाचव्या आठवड्यातला माझा प्रत्येक टेक श्रद्धांजलीसारखा झाला. ओळ ओढायची, शब्दाशेवटी आवाज कापवायचा, पुढच्या कॉर्डवर उशिरा पोचायचं. ऐकताना मलाच माझा राग आला.

आपण सगळेच हे करतो, म्हणून इथे जरा थांबतो. या बँडला नावाजणारी बहुतेक माणसं आधी शोकांतिका सांगतात आणि मग गाणं. त्यात प्रेम असतं, मान्य. पण गाणी लिहिली गेली तेव्हा त्या पोरांना पुढचं काय ठाऊक होतं? १९७० मध्ये हॅम आणि एव्हन्स तेवीस वर्षांचे होते. स्वॉन्झीतल्या एका गल्लीवरून 'आयव्हीज' नाव घेतलेला बँड लंडनला येऊन बीटल्सच्या कंपनीत पोचला होता, 'कम अँड गेट इट' गाजलं होतं, 'नो मॅटर व्हॉट' गाजायच्या बेतात होतं. पुढच्या वर्षी जॉर्ज हॅरिसन स्वतः येऊन 'डे आफ्टर डे'वर स्लाइड गिटार वाजवणार होता. 'विदाउट यू' हे त्यांच्यासाठी अल्बमवरचं एक गाणं होतं. ब्रिटन-अमेरिकेत त्यांनी ते सिंगल म्हणून काढलंही नाही! निल्सनने ते एका पार्टीत ऐकलं आणि बीटल्सचं समजून शोधत बसला, असं सांगतात. म्हणजे गाणं लिहिणाऱ्यांना ते ओझं नव्हतं. चढत्या दिवसांतल्या दोन तरुणांचं ते घरगुती भांडणाबद्दलचं गाणं होतं.

२०१३ मध्ये 'ब्रेकिंग बॅड' या टीव्ही मालिकेच्या शेवटच्या भागात बॅडफिंगरचं 'बेबी ब्लू' वाजलं तेव्हा मला आनंद झाला आणि जरा जळायलाही झालं. इतकी वर्षं जपलेली वस्तू एका रात्रीत सगळ्यांची झाली. पण तेव्हा नव्याने आलेल्या श्रोत्यांचा एक फायदा होता. त्यांनी आधी गिटार ऐकली, मरणं नंतर वाचली. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा क्रम उलटा आहे.

सहाव्या आठवड्यात म्हणून नियम केला: वाजवायच्या आधी या बँडबद्दल काही वाचायचं नाही. 'नो डाइस' सुरुवातीपासून लावायचा, त्यातली धसमुसळी रॉक गाणीही ऐकायची, आणि 'विदाउट यू' ओघात आलं की तिथून गिटार उचलायची. फरक पडला. लय ओढणं थांबलं. मेट्रोनोम ६६ वरून ७० वर नेला, आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या ओळीचा दमही पुरायला लागला. संथपणा हा दुःखाचा पुरावा आहे असं मी उगाचच धरून चाललो होतो.

आता तेविसाव्या टेकबद्दल. पहिला व्हर्स नीट. टाका बसलाय, श्वास ऐकू येत नाही. दुसऱ्या कोरसला बी कॉर्डची दुसरी तार पुन्हा मुकी, तीच, पहिल्या आठवड्यातली. शेवटच्या कोरसला एका जागी सूर किंचित खाली. पण त्या जागी आवाज कापवलेला नाही, तो आपणहून कापलाय.

पुढच्या आठवड्यात याच टेकवर दुसरा थर चढवणार. वरचा सूर मला झेपत नाही, म्हणून मूळ चालीच्या खालचा तिसरा सूर धरून बघतो, कोरसपुरताच. बी कॉर्डसाठी सातव्या पट्टीवरचा आकार कुणी वापरला असेल तर सांगा. दुसऱ्या पट्टीवरून तिकडे उडी मारून वेळेत परत येता येतं का, ते मला अजून जमलेलं नाही.