मुश्गसरांचा अर्धा ग्राफ
आमचं काम तसं साधं, कोणीतरी विचारतं की अमुक माणूस ऑनलाइन किती चालतो, आपण आकडे काढायचे, चार ग्राफ चिकटवायचे आणि पाठवून द्यायचं. मी मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली, त्यामुळे तिकडचं काहीही आलं की माझ्याच गळ्यात. त्या दिवशी आलं आडोल्फ मुश्ग, स्विस लेखक आणि साहित्याचे प्रोफेसर. शेजारच्या डेस्कवरच्याने नाव वाचून दाखवलं तर मला वाटलं शिंकला.

आधी गुगल ट्रेंड्स उघडलं, म्हणजे लोक गुगलवर काय किती शोधतात ते दाखवणारं टूल. नुसतं आडनाव टाकलं तर सगळी खिचडी, कारण 36 वर्षांनी मोठे सावत्र भाऊ वाल्टर मुश्ग, तेही साहित्याचेच प्रोफेसर, बाझेलला, आणि सावत्र बहीण एल्सा मुलांसाठी पुस्तकं लिहायच्या. घर आहे की लायब्ररी! मग पूर्ण नाव टाकलं, तुलनेला ड्युरेनमाट घेतला, तोही स्विस, नाटककार, आणि मुश्गांची रेघ थेट जमिनीला टेकली. आता ट्रेंड्सचं शून्य म्हणजे कोणी शोधलंच नाही असं नसतं हां, सगळ्यात उंच टोक 100 धरतात आणि बाकीचे त्याच्या हिशोबात दिसतात, आणि ड्युरेनमाट तिकडे शाळेत लावलेला असतो, पोरं परीक्षेच्या आधी शोधणारच. ती काय लोकप्रियता म्हणायची, तो तर पोर्शन झाला.

आमचे सर म्हणाले, "अगं लोकप्रियता लो लिहून टाक आणि संपव, पाच वाजता जायचंय ते."

मी लिहिणारच होते, पण सहज तारखांकडे लक्ष गेलं. ट्रेंड्सचा डेटा 2004 पासून, विकिपीडियाच्या पेजव्ह्यूजचं टूल तर जुलै 2015 पासून. आणि या माणसाची पहिली कादंबरी 1965 ची, 1970 ते 1999 ईटीएच झुरिकला शिकवलं (म्हणजे इंजिनिअर पोरांच्या कॉलेजात जर्मन साहित्य, विचार करा), पार्त्सिफाल या दंतकथेतल्या सरदारावरची हजार पानांची कादंबरी 1993 ला, ब्युखनर पुरस्कार, जर्मन साहित्यातला मोठा मान, 1994 ला. रिटायर झाले तेव्हा गुगल जेमतेम वर्षाचं होतं. म्हणजे आम्ही मोजायला बसलो तेव्हा लग्न लागून, जेवणं उरकून, मांडव पण सुटलेला.

आणि आमच्या खिडकीत आलं काय, तर एप्रिल 2021 ची टीव्ही मुलाखत, ज्यात त्यांनी कॅन्सल कल्चरची (कोणी काही बोललं की त्याच्यावर बहिष्कार) तुलना आउशवित्झ या नाझी छळछावणीशी केली आणि लोक भडकले. मला स्वतःला ती तुलना अजिबात पटली नाही, पण त्रास वेगळाच झाला, आमचं टूल त्या शिव्याही मेन्शन्स म्हणून लोकप्रियतेतच धरतं. तीस वर्षं शिकवलं त्याला शून्य, एका वाक्याला मार्क.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे तुझं, पण क्लायंटला एक आकडा हवाय ना." मग आकडा दिला, फक्त ग्राफची खालची पट्टी 1965 पासून काढली, 2004 पर्यंत कोरी, आणि खाली बारीक अक्षरात का ते लिहिलं.

सोमवारी क्लायंटचा मेल. ग्राफ डावीकडून लोड होत नाहीये, फाइल परत पाठवाल का.