तुम्ही विचारलंत म्हणून: देवाला रक्त कशाला लागतं?

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. शाकाहारी, चौकस, आणि विचारताना आडपडदा न ठेवणाऱ्या. त्यांनी मध्यंतरी मराठी बायबल वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयपाशी, अडकल्या. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अहो, तुमच्या देवाला इतकं रक्त कशाला लागतं? पानोपानी बैल, बोकड, कबुतरं. आणि तुम्ही तर कधी काही कापताना दिसत नाही!"

मी बेने इस्राएल. म्हणजे कोकणातला यहुदी, आडनावाच्या शेवटी 'कर' लावणारा, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत त्यांच्यातला. हा प्रश्न मला शाळेपासून येतोय. विचारणारे तेवढे बदलतात. त्या दिवशी हातात भाजीच्या पिशव्या होत्या, अर्धवट काहीतरी बोलून सुटलो. ते उत्तर आता पुरं करतो.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. 'बळी' म्हटलं की आपल्याला काय दिसतं? अपघाताचे बळी, हुंड्याचे बळी, राखणीचा कोंबडा. कुणीतरी मरतं आणि कुणाचं तरी भागतं. तोरातला (म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला) मूळ हिब्रू शब्द आहे 'कोर्बान', आणि त्यात मरण्या-मारण्याचा मागमूस नाही. धातू आहे जवळ येण्याचा. 'कुर्बानी' तुम्हाला ठाऊक आहे, हिंदी गाण्यांतला 'करीब'ही ठाऊक आहे. अरबीतून आलेले हे दोन्ही शब्द त्याच कुळातले. हिब्रूत नातेवाइकांना 'क्रोविम' म्हणतात, अगदी आपण 'जवळचे' म्हणतो तसं. गंमत म्हणजे लढाईला 'क्राव' म्हणतात, तीही याच धातूतून. हातघाईला यायचं तरी जवळ यावंच लागतं. भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं, हे पुस्तक कुठे येतं ते पाहा. त्याच्या आधीच्या 'निर्गम' या पुस्तकाच्या शेवटी लोकांनी खपून देवासाठी तंबू उभारलेला आहे. ढग उतरतो, तेज तंबूत भरतं, आणि मोशेलाच आत जाता येत नाही. घर बांधून झालं आणि उंबरठा ओलांडता येईना! तिथे पुस्तक संपतं. पुढच्याचा पहिला शब्द 'वायिक्रा', म्हणजे 'आणि त्यानं हाक मारली'. आमच्यात त्या पुस्तकाचं नावच ते आहे. मग दुसऱ्याच वचनात कोर्बान येतो: तुमच्यापैकी कुणाला जवळ यायचं असेल, तर असं या. मला तरी ते सगळं पुस्तक त्या उंबरठ्याबद्दलचं वाटतं.

प्रकार पाच सांगितलेत. होमार्पण सगळं जळतं, पापार्पण नकळत घडलेल्या चुकीसाठी, वगैरे. ती यादी काकूंनी वाचलेलीच आहे. पण वाचताना दोन गोष्टी हमखास सुटतात.

एक म्हणजे पीठ. दुसरा अध्याय पूर्ण पिठाचा आहे: सपीठ, तेल, धूप, आणि मीठ मात्र प्रत्येक अर्पणात हवंच. पुढे पाचव्या अध्यायात पापार्पणाची किंमत उतरत जाते. मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तीही झेपत नसतील तर एफाचा दहावा हिस्सा पीठ, म्हणजे अंदाजे दोन लिटरचं माप. तेवढ्यावर क्षमा होते, रक्ताचा थेंब नसताना. आमचे जुने पंडित तर याहून पुढे गेले. अन्नार्पणाच्या, म्हणजे या पिठाच्या अर्पणाच्या, वचनात 'माणूस' या अर्थी 'नेफेश' म्हणजे 'जीव' हा शब्द आलाय. तालमूद, म्हणजे त्या पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, विचारतो, इथेच का? आणि उत्तर देतो: पीठ कोण आणतं? गरीब. देव म्हणतो, त्यानं जणू स्वतःचा जीवच मला आणून दिला. बैलवाल्याबद्दल असं कुठे म्हटलेलं मला आठवत नाही.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे जेवण. शांत्यर्पण हा पाचांतलाच एक प्रकार. त्यात चरबी वेदीवर जाते, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, आणि उरलेलं मांस आणणाऱ्याच्या घरचं. त्यातलाच एक प्रकार आभाराचा, 'तोदा'. संकटातून सुटलात, तर एक जनावर आणा आणि सोबत भाकरी. मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या नियमसंग्रहात, हिशेब दिलाय: चार प्रकारच्या दहा-दहा, एकूण 40. चार याजकाला, उरल्या 36. आणि अट अशी की हे सगळं त्याच दिवशी संपलं पाहिजे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. आता सांगा, एका कुटुंबानं एक अख्खं जनावर आणि 36 भाकऱ्या एका रात्रीत कशा संपवायच्या? शेजारीपाजारी बोलवा, सोयरे बोलवा, ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्यालाही बोलवा. जेवता जेवता कुणीतरी विचारणारच, काय झालं होतं हो? मग सुटकेची गोष्ट सांगावी लागते. हा नियम ज्यानं केला त्याला माणसं चांगली ठाऊक होती.

देवाला भूक लागते का, असा काकूंच्या प्रश्नाचा रोख असेल, तर त्याला बायबलच्या स्तोत्र 50 मध्ये देवानंच फटकळ उत्तर दिलंय: मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात तर तो म्हणतो, तुमच्या होमार्पणांचा मला वीट आलाय, तुमचे हात रक्तानं भरलेत. म्हणजे ही शंका आमच्याच ग्रंथात आधीपासून आहे.

तरीही जनावर मरतच होतं, हे मी झाकणार नाही. आणणाऱ्यानं स्वतः त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सुरीही स्वतः चालवायची. याजकाचं काम रक्तापासून सुरू. हात ठेवून त्या जनावराची ऊब तळव्याला लागली असेल तेव्हा काय वाटलं असेल? मला हे वाचताना अवघडल्यासारखं होतं, आणि होऊ नये असंही वाटत नाही. बाराव्या शतकात रामबामनं, म्हणजे मायमोनिदीस या यहुदी तत्त्वज्ञानं, लिहिलं की तेव्हाच्या लोकांना बळींशिवाय उपासना कळलीच नसती, म्हणून देवानं त्यांची सवय मोडली नाही, वळवली. पुढच्या शतकात रामबाननं (हा वेगळा पंडित, नाहमनिदीस) त्याला कडाडून विरोध केला. माझं मन रामबामकडे झुकतं. पण एकदा वाटतं, पाकिटातलं मांस आणून खाणाऱ्या मी त्या हात ठेवणाऱ्या माणसाला मागासलेला म्हणावं की नाही?

"तुम्ही काही कापताना दिसत नाही" याचं कारण सोपं आहे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, आणि त्या जागेखेरीज कोर्बान कुठे करता येत नाही. मंदिराचे अवशेष पाहून एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, रडायला लागले: आता पापक्षालन कशानं होणार? सोबतचे रब्बी योहानान बेन झक्काय म्हणाले, तितकंच मोलाचं दुसरं साधन आहे, दयेची कामं. आणि होशेय संदेष्ट्याचं वचन म्हणून दाखवलं: मला दया हवी, यज्ञ नको. तेव्हापासून रोजच्या अर्पणांच्या वेळा प्रार्थनांनी घेतल्या. शोमरोनी लोक (तोरा मानणारा, पण यहुद्यांपासून वेगळा समाज) मात्र त्यांच्या गरीज्जीम डोंगरावर वल्हांडण सणाला आजही मेंढरं कापतात; त्यांनी जेरुसलेम कधी मानलंच नव्हतं.

आमच्या कोकणात या वादांतलं फारसं काही पोचलं नव्हतं. आमच्याकडे होता मलिदा. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घ्यायचं, बेराखा (आशीर्वादाच्या प्रार्थना) म्हणायच्या आणि सगळ्यांना वाटायचं. नवस फिटला, नवं घर घेतलं, लग्न ठरलं की मलिदा. कुणी अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन करतात (घाटातलं खंडाळा नव्हे), तिथे एलियाहूच्या रथाची खूण असलेला खडक आहे. मलिदा म्हणजे जुन्या अन्नार्पणाची आठवण, असं आमच्यातले पुष्कळजण मानतात. सिद्ध करता येईल की नाही कोण जाणे, पण तोदाचा नियम वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आमची परातच आठवली.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना विषमज्वरातून उठलो आणि आजीनं मलिद्याचा नवस केला होता. दिवस ठरला. आदल्या दिवशी तिनं वडिलांना विचारलं, "धाकट्याचे नारळाचे पैसे दिलेस का?" वाडीतले माड दोघा भावांचे सामाईक होते, आणि दोन वर्षं विक्री वडीलच करत होते, हिशेब न देता. वडील म्हणाले, "मलिद्यानंतर बघू." आजी म्हणाली, "मग मलिदाही नंतर बघू." आणि भिजवायला काढलेले पोहे तिनं परत डब्यात ओतले.

आजीला अक्षरओळख नव्हती. लेवीयच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला लिहिलंय की शेजाऱ्याचं लुबाडलं असेल तर आधी ते परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालून, आणि मग दोषार्पण घेऊन यायचं. हे मला चाळिशीत वाचून कळलं. तिला कुणी सांगितलं होतं, विचारायला ती उरली नव्हती.

वडील दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पैसे पंच्याच्या टोकाला बांधून काकाच्या घरी गेले. पाचवा हिस्सा घातला की नाही मला माहीत नाही, त्यांचा स्वभाव पाहता नसावा. पण पुढच्या शनिवारी, दिवस मावळून शब्बाथ सुटल्यावर, काका आला. टोपी घालून परातीजवळ बसला, सगळ्यांबरोबर आमेन म्हणाला. मग पहिला घास खाऊन म्हणाला, "नारळ जरा जास्त पडलाय."

कुणाचा नारळ, ते सगळ्यांना माहीत होतं. आजीनं त्याच्या ताटलीत आणखी एक मूठ घातली.