जोडी सातवी: तीच पट्टी, दुसरा गळा

ठाणे-बेलापूर लोकलमध्ये चाळीसेक मिनिटं मिळतात, म्हणजे एक एलपी, एक अख्खा अल्बम. हेवी मेटलचा एकच बँड, गायक बदलण्याआधीचा एक अल्बम आणि नंतरचा एक, अशी जोडी. जाताना जुना गायक, येताना नवा. पावसाळ्यात सुरू केलेल्या या उद्योगाच्या सहा जोड्या झाल्या. मागची जुडास प्रीस्टची, ‘पेनकिलर’ (1990) आणि ‘जुगुलेटर’ (1997). दुसऱ्याची शेवटची गाणी ठाण्याच्या फलाटावर बसून संपवली. नव्या रिपर ओवेन्सला जुन्या हॅलफर्डच्या वरच्या किंकाळ्या जमतात, पण तिथे गिटारीच खालच्या सुरात उतरल्यात, जाड झाल्यात. दोष गळ्याचा नाही, एवढंच वहीत लिहिलंय.

या आठवड्यात ब्लॅक सॅबथ. नियमाने जुन्या गायकाचा, ऑझीचा, बदलाआधीचा शेवटचा ‘नेव्हर से डाय’ (1978) घ्यायला हवा होता, पण त्यात बँडच दमलेला वाटतो. नव्या गायकाला, डिओला, फुकटचा विजय कशाला द्यायचा? म्हणून चिटिंग केली आणि ‘पॅरानॉइड’ (1970) लावला. ‘आयर्न मॅन’मध्ये ऑझी काय गातो ते नीट ऐका: गिटारवाल्या आयॉमीचा रिफ, म्हणजे गिटारीचा फिरून फिरून येणारा तुकडा, जसा जातो, तसाच त्याचा आवाज जातो. रिफच चाल. आता ‘हेवन अँड हेल’ (1980) चं शीर्षकगीत. कडवं सुरू झालं की गिटार जवळपास बाजूला होते, गीझर बटलरचा बेस चालत राहतो आणि डिओला वर मोकळं अंगण मिळतं. म्हणजे गायक बदलला आणि बदलला गिटारवाला! घणसोलीला गाडी थांबली तेव्हा हे लक्षात आलं आणि रबाळ्यापर्यंत तेच कडवं तीनदा ऐकलं.

पण मग उलटतपासणी हवी. ती सॅबथनेच करून ठेवलीय. ‘द इटर्नल आयडल’ (1987) आधी रे गिलनने गायला, तो बँड सोडून गेला आणि टोनी मार्टिनने त्याच संगीतावर पुन्हा गाऊन दिला. गिलनचं गायन 2010 च्या आवृत्तीत आलं. ‘द शायनिंग’ दोघांचं लागोपाठ लावलं. चाल बहुतेक तीच, रिफ तेच. गिलनच्या गळ्यात ब्लूजची खरखर आहे, मार्टिन स्वच्छ आणि डिओच्या वळणाचा. मला गिलनचं जास्त आवडलं. पण गाण्याचा सांगाडा इंचभरही हलत नाही. संगीत आधीच ठरलेलं असेल तर नवा गायक फक्त रंग बदलतो.

इथे शेजारचे काका उपयोगी पडले. चेंदणी कोळीवाड्यातल्या भजनात ते पेटी वाजवतात. त्यांना आयर्न मेडनचं ‘साइन ऑफ द क्रॉस’ दोनदा ऐकवलं: ‘द एक्स फॅक्टर’ (1995) मधलं, ब्रूस डिकिन्सनच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीचं, आणि ‘रॉक इन रिओ’ या लाइव्ह अल्बममधलं, बँडमध्ये परतलेल्या ब्रूसचं. ब्रूसचं ऐकताना म्हणाले, “हा मजेत गातोय.” मग ब्लेझला मंचावर ब्रूसची जुनी गाणी मूळ पट्टीतच गावी लागायची, हे सांगितलं, तर चिडलेच. “बुवा बदलला की पेटीवाल्याने पट्टी बदलायची. नाहीतर बुवाचं हसं होतं आणि लोक बुवालाच शिव्या देतात.”

ब्लेझला मी कॉलेजात किती शिव्या घातल्यात, ते काकांना सांगितलं नाही. पण वहीत सुधारणा केली: ‘साइन ऑफ द क्रॉस’चा उत्तरार्ध ब्रूसचा, सुरुवातीचा दबका भाग मात्र ब्लेझचाच. तो खालचा, काळवंडलेला आवाज त्या अल्बमला शोभतो, आणि ब्रूसकडे तो नाही.

पुढची जोडी अँथ्रॅक्स: बेलाडोनाचा ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’ (1990) आणि जॉन बुशचा ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ (1993). दोन्ही तासाच्या आसपासचे आहेत, तेव्हा रविवारी पनवेलची गाडी पकडावी लागणार.